महिलांसाठी सायकली : दीड लाखात पंचवीस की अठरा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाकडे, सायकलींसाठी दीड लाख रुपये जमलेत. सायकली हव्यात त्या दोन गटांना : वाडीवरून चार-पाच किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली, आणि दूध, भाजी, सीताफळं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालणाऱ्या बायका. एवढ्या पैशात पंचवीस सायकली होतील का, कोणत्या घ्याव्यात आणि वाटप कसं करावं, असं विचारलंय.

पंचवीस होतील. सहा हजाराला एक धरली तर दीड लाख बरोबर संपतात, वाटपाचा फोटोही झकास येतो. तरी पंचवीस घेऊ नका, अठरा घ्या. गावात दिलेल्या सायकली मोडून क्वचितच बंद पडतात, पंक्चरने बंद पडतात. दुकान सासवडला नाहीतर जेजुरीला. तिथवर सायकल ढकलत न्यायला घरात कुणाला सवड नसते. सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते आणि मुलगी पुन्हा चालायला लागते. दोन महिने हवा नसलेल्या टायरवर सायकल उभी राहिली की टायर रिमच्या काठावर चिरतो, ट्यूबला घडी पडून ती तिथेच फुटते. तीस रुपयांचं काम पाचशेवर जातं आणि मग ते होतच नाही.

म्हणून हिशोब असा मांडा. ५,८०० रुपयांची एक, अशा अठरा सायकली : १,०४,४००. प्रत्येकीला मजबूत कॅरिअर, साडीगार्ड, कुलूप आणि रिफ्लेक्टर पट्टी मिळून ७०० रुपये, म्हणजे १२,६००. हत्यारं आणि सुटे भाग १५,०००. शिकवण्याचा खर्च ८,०००. उरलेले १०,००० ग्रामसंघाच्या खात्यात फिरता निधी म्हणून. बेरीज दीड लाख. भाव दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. पण सायकलीपलीकडच्या खर्चासाठी निदान पाचवा हिस्सा बाजूला राहिलाच पाहिजे. बैठकीत कुणीतरी म्हणेलच, "त्यापेक्षा अजून सात जणींना देऊ की." तिथे ठाम राहा.

आता सायकल कुणाला द्यायची. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे जिथे एसटी वेळेवर येते तिथे सायकलीचा फारसा उपयोग नाही. तिचं खरं काम वाडी ते फाटा, किंवा वाडी ते शाळा, जिथे एसटी जातच नाही. शाळा पाचला सुटते आणि पुढची गाडी सातची, अशा ठिकाणीही. अंतर दोन किलोमीटरच्या आत असेल तर मुलगी चालत जाऊ शकते. आठच्या पुढे आणि मध्ये मोठा चढ असेल तर रोज सायकल मारणं जिवावर येतं. दोन ते सहा-सात किलोमीटर हा सायकलीचा पट्टा.

बिहारचा अनुभव याच्याशी जुळतो. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा दोन हजार रुपये. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहिलं, तर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि मुलगा-मुलगीमधली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. ही वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती त्या गावांत दिसली. आणखी एक गोष्ट यादी करताना उपयोगी पडेल. बिहारमध्ये एका गावातल्या सगळ्या मुली एकाच वेळी सायकलवर आल्या, त्यामुळे त्या घोळक्याने जायच्या. अठरा सायकली अठरा वाड्यांत एकेक वाटल्या तर प्रत्येक मुलगी एकटी पडते, आणि एकटीला घरचे पाठवत नाहीत. तीन-चार वाड्या निवडा आणि प्रत्येक वाडीत चार ते सहा द्या. यावर रुसवेफुगवे होतील. चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर वाड्यांच्या टाका.

सायकल कोणती? साधी, स्टीलची, बिनगिअरची, खाली वाकलेल्या नळीची, जिला दुकानात लेडीज सायकल म्हणतात ती. गिअरवाली नको. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एकदा दगडाला लागून वाकला की चेन स्पोकमध्ये जाते, आणि त्याचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानात असेलच असं नाही. जाड टायरची, पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेली माउंटन सायकल मुलींना दिसायला आवडते, पण स्वस्त स्प्रिंग वर्षभरात गंजून जाम होते आणि दोन किलोचं वजन तेवढं उरतं.

टायरचं माप मात्र डोळ्यांनी वाचून घ्या. लेडीज सायकलला बहुधा २६ × १⅜ टायर असतो. २६ × १.७५ हा वेगळा. दोन्हींवर "२६" लिहिलेलं असलं तरी पहिला ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो आणि दुसरा ५५९ च्या. एकाचा टायर दुसऱ्याला लागत नाही. सगळ्या सायकली एकाच मापाच्या घेतल्या तर सुट्या भागांचा साठा निम्मा होतो. अपवाद एकच : चार फूट नऊ इंचांहून कमी उंचीच्या मुलींना २४ इंची चाकाची सायकल लागते. "वाढत्या अंगाची आहे, मोठीच घेऊ" हा हिशोब फ्रॉकला चालतो. सायकल मोठी झाली की थांबताना पाय टेकत नाहीत, आणि मुलगी पहिल्यांदा पडते ती थांबतानाच. अठरापैकी चार-पाच २४ इंची पुरतील. नक्की आकडा मात्र मुलींची उंची मोजून ठरवा, इयत्तेवरून नको.

खरेदी करतानाच एक बदल करून घ्या. बहुतेक सायकलींना पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) असतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ठीक, पण सासवडच्या आसपासच्या चढांवर दप्तर किंवा दुधाचे कॅन घेऊन हे जड जातं. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील लावलं की तोच फेरा चार मीटरच्या थोडा वर येतो. सपाटीवर वेग जरा कमी होतो, पण चढावर उतरून ढकलावं लागत नाही. चेन कदाचित एक इंचाने वाढवावी लागेल. फ्रीव्हील काढायचा पुलर दुकानदाराकडे असतोच, खर्च दीड-दोनशे. बायकांसाठी आणि चढाच्या वाड्यांसाठी हा बदल कराच. दौंड-इंदापूरच्या सपाट बाजूला त्याची गरज नाही.

ब्रेकचंही तसंच, प्रदेश बघून. स्टीलच्या क्रोम रिमवर रबराचा गुटका पावसात घसरतो. ब्रेक दाबल्यावर सायकल लगेच थांबत नाही, चार-पाच फेरे पाणी पुसण्यात जातात. पुरंदरच्या पूर्वेला, जिथे पाऊस कमी, तिथे चालून जातं. भोर, वेल्हे, मुळशीच्या घाटउतारावर निदान मागच्या चाकाला ड्रम किंवा बँड ब्रेक हवा. तो चाकाच्या मध्याशी, हबपाशी, झाकलेला असतो, पावसाचा त्याला रिमच्या ब्रेकइतका त्रास नाही. नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची रिम घ्या. जुन्या धाटणीचे दांड्यांचे ब्रेक दणकट असतात, पण त्यांची जुळणी करणारा माणूस आता शोधावा लागतो.

माल पोहोचला की घाई करू नका. सायकली अर्धवट जोडलेल्या येतात आणि उरलेली जोडणी दुकानातला पोरगा एका दुपारी अठरा सायकलींवर उरकतो. वाटपाआधी प्रत्येक सायकल उलटी करून पुढच्या गोष्टी बघा.

चाक हाताने फिरवा, ब्रेकच्या गुटक्यांमधून बघा. रिम दोन मिलिमीटरहून जास्त डावी-उजवी होत असेल तर आउट काढून घ्या, म्हणजे तारा कमी-जास्त आवळून रिम सरळ करून घ्या. अ‍ॅक्सल धरून चाक हलवा. कटकट हललं तर कोन (अ‍ॅक्सलवरचा, छर्रे जागेवर धरणारा नट) ढिला, फिरवताना खरखर लागली तर कोन कसलेला. दोन्हींमुळे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, झिजतात, कसलेल्याने जास्त लवकर. चेन मधोमध बोटाने वर-खाली करा, अर्धा इंच खेळ असावा. क्रँक (पायडल ज्या दांड्यावर असतं तो) कॉटर पिनवर, म्हणजे आडव्या खिळीवर, बसवलेला असेल तर ती पिन हातोडीने नीट बसवून मगच तिचा नट आवळायचा असतो. नट ओढून पिन बसत नाही. हेच सगळ्यात जास्त चुकतं. आठवडाभरात पायडल टकटक वाजायला लागतं, मुलगी तसंच चालवते, आणि क्रँकचं भोक खाऊन गेलं की क्रँक टाकून द्यावा लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट्या दिशेने आवळायचं. घाईत उजव्या बाजूचं पायडल डावीकडे जबरदस्तीने बसवलेलं असू शकतं. पायडलवरची खूण बघा. शेवटी हँडल दोन गुडघ्यांत पुढचं चाक धरून पिळून बघा. ते चाकाशिवाय फिरलं तर वरचा बोल्ट आवळा.

वाटपानंतर पंधरा दिवसांनी, साधारण ५० किलोमीटर झाल्यावर, सगळ्या सायकली पुन्हा एका जागी आणून हे सगळं परत आवळायचं. नव्या तारा ताण सोडतात, ब्रेकच्या केबली ओढल्या जातात. ही एक फेरी झाली तर पुढचं वर्ष बरंच सुखाचं जातं.

पंक्चरचं आता नीट बघू, कारण तुमच्याकडे मुख्य शत्रू तोच आहे. पुरंदरच्या माळावर पावसाळा संपला की सराटे वाळतात. सराटा कसाही पडला तरी त्याचं एखादं टोक वर राहतंच. त्यात बांधाबांधाला वेडी बाभूळ, तिचा काटा लांब आणि चिवट. मुलगी पायवाटेने आडवी आली की एका चाकात दोन-तीन सराटे सहज. घरी बायकांना एवढं शिकवा :

सायकल उलटी करा. व्हॉल्व्ह काढून हवा सोडा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर दोन लिव्हरने रिमवरून उचला; स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ट्यूबला दुसरं भोक पडतं. ट्यूब बाहेर काढून हवा भरा, परातीत पाणी घेऊन थोडी थोडी बुडवत फिरवा. एक बुडबुडा दिसला म्हणून थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवा. भोकावर खूण करा, ट्यूब कोरडी करा, काचपेपरने पॅचहून थोडी मोठी जागा खरवडा. सोल्यूशन पातळ लावा आणि तीन-चार मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी सुटतो, आणि मग "पॅचच खराब होता" असं ऐकू येतं. पॅच मधून कडेकडे दाबत बसवा. आता सगळ्यात महत्त्वाचं : ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू, कारण काटा तिथेच बसलेला असतो. वरून दिसणारं टोक तुटलेलं असतं, आतलं शिल्लक. तो चिमट्याने आतून ढकलून बाहेर काढा. एका टायरमध्ये काटा सापडला म्हणजे अजून असणार, पूर्ण फेरा घ्या. टायर बसवताना शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकला, लिव्हरने नाही.

बुडबुडा कुठेच नाही आणि तरी रात्रीत हवा जाते? व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी फाटलेली असते. ओलं बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवलं की फुगा येतो. दोन-पाच रुपयांची ती नळी बदलली की झालं. ही नळी उन्हाने वर्षभरात कुजतेच, वीसभर आणून ठेवा.

हवा भरपूर ठेवा. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब बघा, लेडीज सायकलला बहुधा ४० ते ५० पीएसआयच्या आसपास असतो. मापक नसेल तर अंगठ्याने दाबल्यावर टायर जेमतेम दबला पाहिजे. कमी हवेत काटा जास्त घुसतो, आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटून सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली की समजा, काटा नव्हता, हवा कमी होती. हातपंप वाडीगणिक एक असावा. एकच पंप ग्रामसंघाच्या कार्यालयात कुलपात ठेवला तर तो नसल्यातच जमा.

आता शिकणं. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, साक्षरतेच्या मोहिमेलाच सायकल शिकणं जोडलं गेलं आणि हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या, तर त्यांनी जेंट्स सायकली चालवल्या; पुढच्या नळीवर मूल बसवता येतं म्हणून कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या. क्रम लक्षात घ्या : आधी शिकल्या. न शिकलेल्या बाईला सायकल दिली तर ती नवऱ्याची होते, तिथे कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

त्यामुळे अठरा येण्याआधी चार सायकली उसन्या किंवा जुन्या घ्या आणि शिकवणं सुरू करा. दहा जणींना चार सायकली पुरतात, एक चालवते तेव्हा बाकीच्या बघतात, आणि बघूनही निम्मं कळतं. जागा : गवत असलेलं, जेमतेम उतार असलेलं मैदान. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण शाळेच्या वेळेबाहेर उत्तम. बघ्यांची गर्दी नको, पहिले चार दिवस तर नकोच.

मागून सीट धरून पळणं ही आपली जुनी पद्धत. शिकवणारा दमतो आणि शिकणारी त्याच्या हातावर तोल टाकते, हात सुटला की पडते. त्याऐवजी दोन्ही पायडलं काढून टाका. पंधराचा पाना लागतो, उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं उलट्या दिशेने. सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग उतारावर नुसतं बसून पायांनी ढकलत चालायचं. आधी छोटी पावलं, मग मोठी, मग दोन्ही पाय उचलून सायकल जाईल तितकी जाऊ द्यायची. ब्रेक याच टप्प्यावर शिकवा, दोन्ही एकत्र आणि हळू. नजर चाकावर नको, समोर लांबच्या झाडावर. जिला दहा-पंधरा मीटर पाय न टेकता जाता आलं तिचं एक पायडल बसवा, मग दुसरं. तरुण मुली दोन-तीन बैठकांत सुटतात. चाळिशीच्या पुढच्या बाईला आठवडा-दहा दिवस लागले तरी घाई नको. तिला तोल येतो, भीती जायला वेळ लागतो. पक्कं चालवता आलं की सीट वर घ्या : टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. कितीतरी जणी शिकतानाच्याच खालच्या सीटवर वर्षानुवर्षं चालवतात आणि गुडघे दुखतात म्हणून सोडतात.

कपडे. पंजाबी ड्रेसला ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन गाठ मारायची आणि गाठ कमरेत खोचायची. सुटी ओढणी मागच्या चाकात गेली तर मान खेचली जाते. हा किरकोळ अपघात नाही. सहावारीला पदर कमरेला खोचून निऱ्या जरा वर, नऊवारी तर सायकलला सोयीचीच. चेनकव्हर पूर्ण झाकणारं आणि साडीगार्ड दोन्ही बाजूंना हवं, फक्त डावीकडे नाही.

घरातून येणाऱ्या हरकतींपैकी एक उघड बोलली जात नाही : सायकलने मुलीच्या "कुमारीपणाला" धक्का बसतो. त्याला शरीरशास्त्राचा आधार नाही. हे तुम्ही बैठकीत सांगून पटत नाही, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा आशाताई आयांच्या गटात बोलल्या की पटतं. पाळीतही चालवायला हरकत नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या किंवा गरोदर बायकांनी आधी दवाखान्यात विचारावं, मुख्यतः पडण्याचा धोका म्हणून.

ओझ्याबद्दल. हंडा कॅरिअरवर बांधायची कल्पना सोडा. वजन उंच राहतं आणि पाणी डुचमळतं. दहा-दहा लिटरचे दोन झाकणाचे कॅन कॅरिअरच्या दोन बाजूंना, चाकाच्या मध्याच्या जवळपास लटकवा. दोन्हीत सारखंच पाणी किंवा दूध. एकाच बाजूला वजन आलं तर उतारावर हँडल ओढतं. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल उभी राहत नाही, दूधवाल्या बायकांसाठी दोन पायांचा स्टँड घ्या. कडब्याची किंवा वाढ्यांची पेंढी आडवी बांधली तर रस्त्यावरच्या गाडीला लागते, लांबीत बांधा. वीस-पंचवीस किलोच्या पुढे वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. तेव्हा चालवू नका, हातात धरून ढकलत न्या. पन्नास किलो ढकलत नेणं हे पंधरा किलो डोक्यावर नेण्यापेक्षा मानेला कितीतरी सोपं आहे, आणि असा वापर करणाऱ्या बाईला सायकल चालवता आलीच पाहिजे असंही नाही. पाणी सायकलवर आलं की ते आणायला घरातले पुरुषही तयार होतात, हा एक अनपेक्षित फायदा.

ताबा कुणाचा? सकाळी साडेनऊला सायकल कुणाकडे असते ते बघा, म्हणजे कळेल. भाऊ क्लासला घेऊन गेला, वडील डेअरीला घेऊन गेले, की मुलगी चालत. झांबियात वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेने मुलींना सायकली देताना शाळेसोबत करार केला होता. सायकल शाळेसाठी वापरायची, ठरलेला काळ शाळा केली की ती मुलीची. देखरेखीला गावची समिती, आणि जोडीला प्रशिक्षित मेकॅनिक आणि सुटे भाग. तिथल्या अभ्यासात शाळेत जायचा वेळ सुमारे ३५ टक्क्यांनी आणि गैरहजेरी सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. मेकॅनिक आणि समिती या दोन गोष्टी वगळून तो निकाल तुम्हाला मिळेल असं समजू नका.

तुमच्याकडे करार एका पानाचा पुरे. सायकल मुलीच्या किंवा बाईच्या नावावर, फ्रेम नंबर ग्रामसंघाच्या रजिस्टरला. दोन वर्षं विकायची नाही, गहाण टाकायची नाही. शाळेच्या आणि बाजाराच्या वेळी ती तिच्याच हातात. बाकी वेळी घरच्यांनी वापरली तरी चालेल. ही शेवटची सवलत मुद्दाम ठेवा, सरसकट बंदी घातली की लपूनछपून होतं. सही आई आणि वडील दोघांचीही घ्या. मडगार्डवर क्रमांक ऑइलपेंटने रंगवा आणि सगळ्यांना एकच भडक रंग द्या, म्हणजे शाळेच्या वेळेला ती बाजारात दिसली की गावच सांगेल. मुलीचं लग्न ठरलं किंवा शाळा सुटली तर सायकल पुढच्या मुलीकडे. हे आधीच लिहून ठेवा, नंतर लिहायला गेलात तर भांडण. आणि थोडे पैसे घ्या, मुलींकडून तीनशे-पाचशे, कमावत्या बायकांकडून बचत गटातून हप्त्याने निम्मी किंमत. त्या हप्त्यांतून पुढच्या वर्षीच्या सायकली.

दुरुस्तीसाठी दोन बायकांना तयार करा, एकीला नको. एक बाळंतपणाला किंवा माहेरी गेली की काम थांबतं. तालुक्याच्या चांगल्या मिस्त्रीकडे पंधरा दिवस बसवा आणि मिस्त्रीला त्याचे पैसे द्या. हत्यारं : ८ ते १७ चे पाने, पंधराचा पायडल पाना, कोन पाने, स्पोकची चावी, तीन लिव्हर, चेन तोडायचं हत्यार, हातोडी, ग्रीस, ऑइल, वाडीगणिक एक पंप. सुटे भाग : ट्यूब दहा, टायर चार, ब्रेकचे गुटके वीस जोड, ब्रेकच्या आतल्या केबली दहा, कॉटर पिना दहा, पॅच आणि सोल्यूशन. छर्रे दोन मापांचे : मागच्या हबला आणि क्रँकच्या मधल्या अ‍ॅक्सलला पाव इंची, पुढच्या हबला ३/१६. मागे एका बाजूला नऊ, पुढे एका बाजूला दहा. जागा आहे म्हणून एक जास्त कोंबू नये, फिरताना सगळे एकमेकांना घासतात. चेन झिजली का हे फूटपट्टीने कळतं. बारा इंचांत चोवीस कड्या बरोबर बसल्या पाहिजेत; त्या बारा आणि एक अष्टमांश इंचापर्यंत लांबल्या की चेन बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलही खाते.

हे काम त्या बायकांचा पूर्ण रोजगार होईल असं कुणालाही सांगू नका. गावात सगळ्या मिळून साठ सायकली धरल्या आणि प्रत्येकीचं महिन्याला तीस रुपयांचं एक काम धरलं, तर अठराशे रुपये होतात, त्यातून सामान वजा. शिलाई मशीन किंवा किराणा दुकानाच्या जोडीने ठीक आहे. दर मात्र भिंतीवर लिहा आणि ग्रामसंघाच्या सायकलीही फुकट दुरुस्त करू नका. फुकट काम चार महिन्यांत टाळाटाळीवर येतं.

पैशांच्या इतर वाटा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत सायकल दुरुस्तीच्या हत्यारांचा ठराव मांडा, सायकलींपेक्षा तो लवकर मंजूर होतो. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे मुलींच्या सायकलींची योजना त्या वर्षी आहे का, हे पंचायत समितीत विचारा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, पण तो ठरावीक मागास तालुक्यांपुरता आहे, तेव्हा आधी यादीत तालुका बघा. अशा योजनांत रक्कम बहुधा खात्यावर येते आणि पावती द्यावी लागते. पावती मुलीच्या किंवा आईच्या नावाची घ्या, दुकानदार सवयीने वडिलांचं नाव टाकतो.

वेळापत्रक. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिकवणं, एप्रिलमध्ये भाव आणि ऑर्डर, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जोडणी तपासणी, शाळा उघडायच्या आठवड्यात वाटप. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चेनला ऑइल, तेही पुसून मग. ओल्या चिखलावर ऑइल ओतलं की त्याचा काचपेपर होतो. गाळप हंगामात संध्याकाळी नीरेकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच बिनदिव्यांच्या. मागच्या मडगार्डवर लाल आणि दोन्ही चाकांच्या तारांवर पांढरी रिफ्लेक्टर पट्टी ऑक्टोबरच्या आत लागलेली असू द्या, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याने मुलींनी जोडीनेच यायचं, हेही त्याच एक पानी करारात लिहा.